साडेबारा चौकोन

(दृश्य: यंत्रातून सरकत बाहेर येणारा ईसीजीचा कागद. कॅमेरा जवळ जातो.)

या कागदावरचा एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. पापणी लवेपर्यंत असे दोन-तीन चौकोन सहज निघून जातात.

एका ठोक्याच्या रेषेतल्या चढउतारांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. इथे, क्यू सुरू होतो तिथून टी लाट विरते तिथपर्यंत मोजायचं, हा क्यूटी. हृदयाचे खालचे कप्पे विजेनं पेटले आणि पुन्हा शांत झाले, त्याला लागलेला हा वेळ. ठोक्यांच्या गतीचा हिशेब घालून जो आकडा उरतो, तो क्यूटीसी. पुरुषांत साधारण ४५० आणि स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांपर्यंत तो ठीक धरतात. ५०० झाला, म्हणजे साडेबारा चौकोन, की डॉक्टर औषधांची यादी मागवतात.

यादी कशाला? तर हृदयाच्या पेशीला शांत व्हायचं असतं तेव्हा तिच्यातलं पोटॅशियम बाहेर पडावं लागतं. त्यासाठीच्या एका वाटेचं नाव आहे हर्ग. त्यातलं इंग्रजी 'ई' हे 'ईथर-आ-गो-गो'चं, आणि त्यातलं गो-गो हे नाचातलं. १९६०च्या दशकात फळमाश्यांची एक जात सापडली. ईथर दिलं की त्या पाय झटकायच्या, त्या काळच्या क्लबातल्या नाचासारख्या. संशोधकांनी माशीच्या जनुकाला तेच नाव देऊन टाकलं, आणि माणसातला त्याचा भाऊबंद पुढं त्याच नावानं ओळखला जाऊ लागला. इतक्या गंभीर जागेला इतकं उडाणटप्पू नाव!

(दृश्य: पेशीच्या पडद्यातली वाट, आत अडकलेला रेणू.)

ही वाट आतून ऐसपैस आहे, त्यामुळे एकमेकांशी काही नातं नसलेली औषधं तिथं येऊन अडकतात. भ्रमांवरचं हॅलोपेरिडॉल, नैराश्यावरचं सिटालोप्राम, उलटीवरचं ऑन्डॅनसेट्रॉन, जंतुसंसर्गावरचं एरिथ्रोमायसिन. पोटॅशियम रेंगाळतं, क्यूटी लांबतो. फार लांबला तर क्वचित कधी ठोके बिथरतात आणि कागदावरच्या रेषा पीळ घातलेल्या दोरीसारख्या दिसू लागतात. फ्रेंच डॉक्टर देसेर्तेन यांनी १९६६ मध्ये याला 'तोर्साद द प्वांत' म्हटलं, म्हणजे टोकांचा पीळ. माणूस चक्कर येऊन पडतो. कधी आपोआप सावरतो, कधी नाही.

बोट मनोविकारांच्या गोळ्यांकडेच दाखवलं जातं, ते मला पटत नाही. टरफेनाडिन हे साधं ॲलर्जीचं औषध. यकृत त्याचं भराभर रूपांतर करायचं, म्हणून हृदयापर्यंत फारसं काही पोचायचं नाही. पण जोडीला बुरशीवरचं किटोकोनाझोल घेतलं की यकृताचं ते काम अडायचं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून टरफेनाडिन गेलं. रूपांतरानंतर जे उरायचं ते फेक्सोफेनाडिन, ते आजही विकलं जातं.

मनोविकारांवरची सगळी औषधंही एका माळेची नाहीत. थायोरिडाझिन मूळ कंपनीनंच २००५ मध्ये बंद केलं. सिटालोप्राम दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर नको, साठीनंतर २०च्या वर नको, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सांगितलं. सर्ट्रालिन, ॲरिपिप्राझोल त्या मानानं निवांत. लिथियमची तऱ्हा वेगळी, ते ठोका जिथून सुटतो ती गाठच मंदावू शकतं.

(दृश्य: टेबलावर गोळ्यांच्या पट्ट्या, एकीवर दुसरी.)

समजा, साठी ओलांडलेल्या एक बाई. सिटालोप्राम कित्येक वर्षं चालू आहे, कधी तक्रार नाही. मग चार दिवस जुलाब-उलट्या होतात, पोटॅशियम उतरतं. उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन येतं. कुणी तरी ॲझिथ्रोमायसिनही लिहून देतं. प्रत्येक गोळी आपापल्या जागी रास्तच, पण सगळं एकत्र आलं की कागदावर क्यूटी लांबतो.

सिटालोप्राम स्वतःच्या मनानं बंद करणं हा उपाय नव्हे. नैराश्य उलटलं तर त्यानंही जीव जातो. डॉक्टर आधी पोटॅशियम, मॅग्नेशियम भरून काढतात, नंतर आलेल्या दोन गोळ्या थांबवतात, सिटालोप्रामचा डोस पुन्हा तपासतात.

दोन दिवसांनी नवा कागद. डॉक्टर पेन्सिलीचं टोक एकेका चौकोनावर टेकवत मोजतात. नऊ. दहा. अकरा.