रूटला प्रोसेसची मर्यादा असावी का?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीजवळच्या एका छोट्या संस्थेचा लिनक्स सर्व्हर माझ्याकडे होता. बॅकअपची स्क्रिप्ट मी रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, क्रॉनमध्ये लावली होती, दर 10 मिनिटांनी. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारी सेवा. प्रत्येक फोल्डरला ती स्क्रिप्ट वेगळी प्रोसेस, म्हणजे वेगळा चालता प्रोग्राम, सुरू करायची. रात्री वीज गेली, पलीकडच्या इमारतीतली डिस्क नेटवर्कवरून तुटली. आधीची स्क्रिप्ट अडकली आणि नव्या तिच्यामागे साचत गेल्या. सकाळी लॉगिनच होईना.

खरं तर मी मर्यादा घातली होती. लिमिट्सच्या फाइलमध्ये ताऱ्याचं चिन्ह (*) टाकून सगळ्या खात्यांना 200 प्रोसेस. पण ते चिन्ह रूटला लागू होत नाही. रूटचं नाव घालून लिहिलं असतं, तरी लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, प्रोसेसच्या या मर्यादेवर रूटला अडवत नाही.

चूक माझी होती. कर्नलचा हा नियम मात्र मला आजही योग्य वाटतो. ही मोजणी खात्यावर होते. रूटच्या खात्यावर तुम्ही एकटे नसता. लॉगिन घेणारी सेवा, क्रॉन, कर्नलचे स्वतःचे थ्रेड, सगळे तिथेच. त्या खात्याला 200 चं कुंपण घातलं आणि एखादी बिघडलेली सेवा ते भरून बसली, तर दुरुस्तीला येणारा माणूसच बाहेर राहील. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या प्रणालीत तर प्रोसेसच्या शेवटच्या 10 जागा रूटसाठी राखीव असतात.

मग स्क्रिप्टला मोकळं सोडायचं का? मुळीच नाही. एका पोफळीच्या आळ्यात पाणी जास्त होतंय म्हणून आपण विहीर झाकत नाही, त्या आळ्याचा पाट अडवतो. लिनक्स 4.3 पासून, म्हणजे 2015 पासून, सीग्रुपमध्ये, म्हणजे कर्नलने एकत्र बांधलेल्या प्रोसेसच्या गटात, प्रोसेस मोजायची सोय आहे. ती मर्यादा खात्यावर नसते, कामावर असते. तिच्या आत रूटची स्क्रिप्टही अडते.

माझा बॅकअप आता सिस्टिमडीच्या, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या, टायमरवर चालतो. सेवेच्या फाइलमध्ये टास्क्समॅक्सची, म्हणजे त्याच सीग्रुपच्या मर्यादेची, एक ओळ आहे, 40 ची. शिवाय आधीची फेरी संपल्याशिवाय टायमर दुसरी सुरू करत नाही.

आणखी एक. प्रोसेसना जागाच उरली नाही, तर पीएस ही प्रोसेसची यादी दाखवणारी आज्ञा चालत नाही, कारण त्याला नवी प्रोसेस लागते. बॅश हे शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा घेणारा प्रोग्राम. प्रोसेस बंद करणारं त्यातलं किल मात्र शेलच्या आतलंच आहे, ते चालतं. त्या सकाळी कन्सोलवर रूटचं एक शेल उघडं असतं, तर मशीनची वीज काढावी लागली नसती.