पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ

गंगावेशीतली तालीम. मेहनत आटोपलीय, अंगावरची लाल माती अजून वाळायची आहे. कोपऱ्यात कुंडीत थंडाई घोटतायत; बदाम, खसखस, वेलदोडा. खुराक नसेल तर मेहनत अंगी लागत नाही, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही ठाऊक असतं.

टीबीचंही तसंच आहे, आणि आता त्याला भक्कम पुरावा आहे.

झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात ‘रेशन्स’ नावाचा मोठा अभ्यास झाला. प्रमुख संशोधक डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव. 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरातली 10,345 माणसं. गोळ्या आणि शिधा सगळ्याच रुग्णांना मिळाला. फरक केला तो फक्त घरच्यांच्या ताटात. निम्म्या भागातल्या कुटुंबांत प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. बाकीच्या कुटुंबांत फक्त रुग्णालाच.

ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथं नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. खोकल्यातून हवेत पसरणारा, तपासणीत पक्का ठरलेला फुप्फुसाचा टीबी तर 48 टक्क्यांनी. लस नाही, नवं औषध नाही. डाळभात! 2023 साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

कारण सरळ आहे. टीबीचा जंतू शरीरात वर्षानुवर्षं दबून राहू शकतो. त्याला दाबून ठेवते ती प्रतिकारशक्ती, आणि पोट उपाशी असलं की तीच आधी ढासळते.

आता वजनकाट्याकडे बघा. उपचार सुरू होतात तेव्हा माणूस 40 किलोचा. दोन महिन्यांनी काटा 42 वर गेला, म्हणजे वजन 5 टक्क्यांनी वाढलं. याच अभ्यासात अशा रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. एवढे दोन किलो! म्हणून आशाताई घरी आल्या, की गोळ्या मोजतानाच वजनही विचारायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

सरकारकडून रुग्णाला उपचारादरम्यान महिन्याला 1,000 रुपये मिळतात. नोव्हेंबर 2024 आधी ते 500 होते. पण चुलीवर भात शिजतो तो सगळ्या घराचा. कमावता माणूसच अंथरुणाला खिळला, की म्हातारी आई आणि शाळकरी पोरं काय खाणार? टीबी रुग्णाला शिधा पुरवणाऱ्याला ‘निक्षय मित्र’ म्हणतात; या सरकारी योजनेत 2024 पासून घरच्यांनाही शिधा देता येतो, तो याचसाठी.

निक्षय मित्र कुणीही होऊ शकतं. गल्लीतलं तरुण मंडळ, गावची दूध संस्था, एखादी तालीमसुद्धा. नाव निक्षय पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या टीबीच्या वेबसाइटवर, नोंदवायचं, सरकारी दवाखान्यातल्या क्षयरोग विभागात भेटायचं आणि सहा महिने एका घराची जबाबदारी घ्यायची. शिधा ठरवताना घरात खाणारी तोंडं किती, हे आधी विचारायचं.