नाकावरचे काळे ठिपके

(दृश्य : पार्लरची खुर्ची, दिव्याखाली नाकाचा अगदी जवळून घेतलेला भाग)

वाफ घेऊन झाली आहे. पार्लरवाल्या ताई स्टीलच्या काडीचं बारीक कडं नाकपुडीशेजारी टेकवतात आणि हलकेच दाबतात. छिद्रातून पिवळसर, मेणचट धागा वर येतो. तो नीट बघा. काळं आहे ते फक्त वरचं टोक. खालचा सगळा भाग फिकट आहे. धूळ आत जाऊन बसली असती, तर तो धागा असा फिकट निघाला नसता.

म्हणजे ब्लॅकहेड, अर्थात हा काळा ठिपका, मळ नाही. आपल्या त्वचेतल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना हार्मोन्समुळे या ग्रंथी वाढतात, जास्त तेल सोडू लागतात. छिद्राच्या आतल्या मृत पेशी एरवी सुट्या होऊन बाहेर पडतात. त्या एकमेकींना चिकटल्या, की तेलासकट तिथेच अडकतात. छिद्राचं तोंड उघडं असल्यामुळे वरच्या थराला हवा लागते. चिरून ठेवलेलं वांगं जसं काळं पडतं, तसंच त्यातलं तेल आणि त्वचेचं रंगद्रव्य काळवंडतं.

हे कळलं नाही म्हणून किती मुलंमुली रोज चेहरा घासतात! आठवी-नववीतल्या मुलांना तर घरातूनच ऐकावं लागतं, ‘तोंड नीट धुत नाहीस.’ हे बोलणं थांबायला हवं. दोष त्यांच्या स्वच्छतेचा नाही. खरखरीत स्क्रबने त्वचा सोलवटते, आत अडकलेलं मात्र तिथेच राहतं. लिंबू आणि खाण्याचा सोडा तर चेहऱ्याला लावूच नये. त्वचा किंचित आम्लधर्मी असते; लिंबू तिच्यासाठी फार तीव्र, सोडा थेट उलट्या टोकाचा. त्यात लिंबू लावून उन्हात गेलं, तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात.

(दृश्य : आरशासमोर नाक दाबून बघणारा मुलगा)

नाकावर सारख्या अंतरावर दिसणारे बारीक करडे ठिपके बहुतेक वेळा ब्लॅकहेड नसतातच. तेल बाहेर येण्याच्या त्या नेहमीच्या वाटा आहेत. दाबून रिकाम्या केल्या तरी काही दिवसांत पुन्हा भरतात. त्यांच्यामागे लागून नखांचे वण करून घेऊ नका.

मग उपाय काय? दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरे. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, त्यामुळे ते छिद्राच्या आत पोचतं आणि चिकटलेल्या पेशी सुट्या करतं; २ टक्क्यांपर्यंतचं पुरतं. ठिपके मुळातच होऊ नयेत यासाठी त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅडापलिनचं जेल देतात. रात्री, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सोलते. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात आणि बहुतेक जण त्याआधीच कंटाळून सोडतात. दिवसा सनस्क्रीन लावा. गरोदरपणात हे जेल वापरू नये.

कपाळावरच ठिपके येत असतील, तर आधी डोक्याला लावायच्या तेलाकडे बघा. रात्री चोपडलेलं खोबरेल कपाळावर उतरतं, उशीच्या अभ्र्याला लागतं. केसांना हवं तर लावा, पण धुण्याआधी तासभर. पुण्यात स्कूटरवर तोंडाला स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनी तो रोज धुवावा. घामट कापड दिवसभर त्वचेवर घासत असतं.

(दृश्य : औषधाच्या दुकानाचा काउंटर)

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथे. ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हटलं, की हातात एक ट्यूब पडते. आठवड्यात चेहरा उजळ दिसतो, म्हणून मैत्रिणीही तीच आणतात. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने लावल्यावर त्वचा पातळ होते, लाल पडते, केस वाढतात आणि मुरुमांचं पीकच येतं. अशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरी ती सर्रास मिळतात. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलंय का, बघा. बरेच दिवस लावत असाल, तर मनानेच एकदम थांबवू नका, चेहरा आणखी भडकतो. ती ट्यूब सोबत घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.