एचएसए आपल्या घराला मानवेल का?

(अमेरिकेतील एका महाराष्ट्र मंडळात ओपन एनरोलमेंटच्या सुमारास दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, ऑक्टोबर सरत आला की आपल्यापैकी बहुतेकांना कंपनीकडून ओपन एनरोलमेंटचा, म्हणजे पुढच्या वर्षाचा आरोग्यविमा निवडण्याचा, ईमेल येतो, आणि दिवाळीच्या धामधुमीत ती दोन-तीन आठवड्यांची मुदत कधी निघून गेली हे कळतही नाही. पुष्कळ जण गेल्या वर्षीचाच विमा पुढे चालू ठेवतात. काही जण मात्र ऑफिसातल्या कुणाचे ऐकून घाईने एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे औषधोपचारासाठीचे करसवलतीचे बचत खाते) घेतात, कारण त्यात कर वाचतो एवढे त्यांच्या कानावर आलेले असते. कर वाचतो हे खरे आहे. पण हे खाते सुटे मिळत नाही. ते मोठ्या डिडक्टिबलच्या (विमा कंपनी पैसे देऊ लागण्यापूर्वी वर्षात आपण खिशातून भरायच्या रकमेच्या) विम्याला बांधलेले आहे, म्हणून तो विमा आपल्या घराला पेलणार आहे का हे आधी ठरवावे लागते आणि कराचा विचार त्यानंतर येतो. आज मी नेमक्या याच क्रमाने बोलणार आहे.

खात्याची ओळख थोडक्यात करून देतो. धाकट्या बुश यांच्या कारकिर्दीत, २००३च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या मेडिकेअर (पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा) सुधारणा कायद्यातून हे खाते आले आणि १ जानेवारी २००४पासून लागू झाले. त्यात भरलेल्या रकमेवर केंद्राचा प्राप्तिकर लागत नाही, आत झालेल्या वाढीवर लागत नाही आणि औषधोपचारासाठी काढलेल्या पैशांवरही लागत नाही. पगारातून परस्पर भरल्यास सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअरसाठी कापले जाणारे ७.६५ टक्केही वाचतात. ही सवलत ४०१के या निवृत्तीच्या बचत खात्यामध्येसुद्धा नाही. २०२६ सालासाठी एकट्याला ४,४०० आणि कुटुंबाला ८,७५० डॉलर भरता येतात, वयाची ५५ वर्षे पूर्ण झाली असल्यास आणखी १,०००. विम्याचा डिडक्टिबल एकट्यासाठी किमान १,७०० आणि कुटुंबासाठी किमान ३,४०० असावा लागतो. मार्केटप्लेसवरून, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून स्वतः, विमा घेणाऱ्यांसाठी २०२६पासून एक बदल झाला आहे: तेथील सर्व ब्राँझ आणि कॅटॅस्ट्रॉफिक (कमी हप्त्याचे, मोठ्या डिडक्टिबलचे) प्लॅन आता एचएसएला पात्र धरले जातात. खाते उघडायला नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागत नाही, त्यामुळे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनाही ते खुले आहे.

आता हिशेबाकडे वळू. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेले आहेत. घरी गेल्यावर त्यांच्या जागी आपल्या कंपनीच्या पत्रकातले आकडे घालावेत. समजा, चौघांच्या कुटुंबासमोर दोन प्लॅन आहेत. पीपीओचा, म्हणजे नेहमीच्या कमी डिडक्टिबलच्या विम्याचा, हप्ता महिन्याला ३८० डॉलर आणि वर्षात खिशातून जास्तीत जास्त ५,००० जाऊ शकतात. एचएसएच्या प्लॅनचा हप्ता २२०, डिडक्टिबल ४,०००, खिशातून जास्तीत जास्त ९,०००, आणि कंपनी आपल्या खात्यात १,००० घालते. मी नेहमी वर्षाची दोन टोके तपासायला सांगतो. वर्ष निरोगी गेले आणि सगळी मिळून हजार डॉलरची बिले झाली, तर पीपीओवाल्याचे हप्त्यासह ५,५६० जातील आणि एचएसएवाल्याचे, कंपनीचे हजार वजा करून, २,६४०. वर्ष वाईट गेले, मोठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्हीकडे कमाल मर्यादा गाठली, तर पीपीओचे ९,५६० आणि एचएसएच्या प्लॅनचे १०,६४० होतात. म्हणजे सर्वांत वाईट वर्षातही फरक १,०८० डॉलरचाच पडतो. कुटुंब प्राप्तिकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल आणि त्याने उरलेले ७,७५० स्वतः पगारातून भरले, तर कराचे सुमारे २,३०० वाचतात आणि तो फरक भरून निघतो. अशा ऑफिसात मी डोळे मिटून एचएसए घ्या म्हणेन.

पण दुसऱ्या ऑफिसात हेच दोन प्लॅन असून हप्त्यातला फरक महिन्याला ६० डॉलरचाच असेल आणि कंपनी खात्यात काहीच घालत नसेल, तर चित्र पालटते. निरोगी वर्षात ७२० वाचतात, वाईट वर्षात ३,२८० जास्तीचे जातात. पूर्ण ८,७५० भरणाऱ्याला करातून २,६०० च्या आसपास परत मिळतात, तरीही तो सातशेने मागेच राहतो. आणि ज्याला जेमतेम दोन हजार भरणे शक्य आहे त्याची करबचत सहाशेच्या आतच राहते. तेव्हा हप्त्यातला वार्षिक फरक आणि कंपनीचे अंशदान हे दोन आकडे मिळवल्याशिवाय एचएसए चांगले की वाईट यावर कुणाशी वाद घालू नये. ज्याच्या सल्ल्याने आपण निघालो आहोत, त्याच्या कंपनीचे आकडे वेगळे असतात.

पत्रकात एक गोष्ट बारीक अक्षरात असते, ती मुद्दाम पाहा. पीपीओमध्ये बहुधा प्रत्येक व्यक्तीचा डिडक्टिबल वेगळा असतो. मुलाचा हात मोडला तर त्याचे हजार डॉलर संपले की विमा सुरू होतो. एचएसएच्या कौटुंबिक प्लॅनमध्ये कुणा एकाचा डिडक्टिबल कायद्यानेच ३,४०० च्या खाली ठेवता येत नाही, आणि पुष्कळ प्लॅनमध्ये तर कुटुंबाचा सगळा डिडक्टिबल संपेपर्यंत विमा कंपनी काहीच देत नाही. घरात नेहमी एकाचेच आजारपण निघत असेल, तर हा फरक जाणवण्याइतका मोठा असतो.

वार्षिक हिशेब जुळला तरी जानेवारी-फेब्रुवारीचा प्रश्न उरतोच. एफएसएमध्ये, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या, वर्षापुरत्या करमुक्त औषधोपचार-खात्यामध्ये, वर्षभराची ठरवलेली रक्कम पहिल्याच दिवशी वापरता येते. एचएसएमध्ये तेवढेच वापरता येतात जेवढे जमा झाले आहेत, आणि नव्या खात्यात जानेवारीत दोन पगारांचे हप्ते असतात. फेब्रुवारीत एमआरआय करावा लागला तर बिल बँकेतल्या शिल्लकीतूनच भरावे लागणार. खर्च खाते उघडल्यानंतरचा असेल तर पुढे तो एचएसएमधून परत घेता येतो, पण तोवर पैसे बाहेरून उभे करावे लागतात. म्हणून माझी स्वतःची अट अशी आहे की डिडक्टिबलएवढी रक्कम बचत खात्यात नसेल, तर पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये. क्रेडिट कार्डावर बिल फिरवत ठेवले, तर कराची बचत व्याजातच जाते. बिलाविषयी एक सूचना येथेच करतो: डिडक्टिबल संपला नसला तरी विमा कंपनीने ठरवलेला सवलतीचा दर आपल्याला लागू असतो, म्हणून हॉस्पिटलचे पहिले बिल आले की लगेच चेक लिहू नये. विमा कंपनीचे ईओबी (आपल्या वाट्याला किती रक्कम येते हे सांगणारे पत्रक) येऊ द्यावे, दोन्हीतली रक्कम ताडून पाहावी आणि मगच पैसे द्यावेत.

यापेक्षा मला जास्त चिंता वाटते ती माणसे डॉक्टरकडे जायचे टाळतात याची. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात हजारो कुटुंबांना वेगवेगळ्या प्रकारचे विमे देऊन मोठा प्रयोग केला होता. ज्यांना खिशातून पैसे द्यावे लागत होते, त्यांनी उपचार कमी घेतले. पण अनावश्यक तेवढेच कमी केले असे झाले नाही, आवश्यक उपचारही जवळपास त्याच प्रमाणात कमी झाले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सगळ्या कर्मचाऱ्यांना मोठ्या डिडक्टिबलवर नेणाऱ्या एका कंपनीचा खर्च सुमारे १२ ते १४ टक्क्यांनी घटला, मात्र लोकांनी स्वस्त डॉक्टर शोधल्याचा पुरावा काही मिळाला नाही. सजग ग्राहक भाव विचारून खरेदी करील, ही या प्लॅनमागची कल्पना कागदावरच बरी वाटते. छातीत दुखत असताना कोणी भाव विचारत बसत नाही.

आपल्या लोकांना मधुमेह आणि हृदयविकार कमी वयात गाठतात, त्यामुळे हा मुद्दा आपल्या घरांत अधिक महत्त्वाचा आहे. वार्षिक तपासणी, लसी, मॅमोग्राम यांसारखी प्रतिबंधक सेवा डिडक्टिबलच्या आधीच मोफत असते. २०१९मध्ये आयआरएसने (अमेरिकेच्या करखात्याने) आणखी एक सवलत दिली: मधुमेहींसाठी साखर कमी करणारी औषधे आणि ए-वन-सी (सरासरी साखरेची) चाचणी, दम्याचे इन्हेलर, हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांसाठी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे), अशा काही गोष्टींचा खर्च प्लॅन डिडक्टिबलच्या आधीही उचलू शकतो. उचलू शकतो, उचललाच पाहिजे असे नाही. म्हणून घरातल्या औषधांची यादी हातात घेऊन विमा कंपनीला फोन करावा आणि प्रत्येक औषधाला जानेवारीत किती पैसे पडतील हे विचारावे. ज्या घरात कुणाला दर महिन्याला महागडे इंजेक्शन लागते, किंवा ज्यांना डॉलर वाचवण्यासाठी डॉक्टरची अपॉइंटमेंट पुढे ढकलायची सवय आहे, त्यांना मी पीपीओच सुचवतो. आपली सवय कोणती आहे ते ज्याचे त्याला ठाऊक असते.

दोघेही नोकरी करणाऱ्या जोडप्यांची चूक बहुधा एफएसएपाशी होते. पतीने एचएसएचा प्लॅन घेतला आणि पत्नीने आपल्या ऑफिसात सर्वसाधारण हेल्थ एफएसए निवडले, तर तिच्या एफएसएतून पतीचाही खर्च देता येत असल्याने पतीची एचएसएची पात्रता जाते. भरलेली रक्कम वेळेत काढून घेतली नाही, तर ती खात्यात राहील तोवर दरवर्षी ६ टक्के दंड लागतो. फक्त दात आणि डोळ्यांपुरते मर्यादित एफएसए असेल तर अडचण नाही. दोघांच्या ऑफिसांची मुदत वेगवेगळी असते, म्हणून निवड एकत्र बसूनच करावी. दुसरी चूक एप्रिलमध्ये, करविवरण भरताना होते. डब्ल्यू-टूच्या (कंपनीकडून मिळणाऱ्या वार्षिक पगारपत्रकाच्या) बाराव्या चौकटीत डब्ल्यू या अक्षरापुढे जी रक्कम दिसते, तिला लोक कंपनीचे अंशदान समजतात आणि आपली रक्कम एचएसएसाठीच्या फॉर्म ८८८९वर पुन्हा वजा करतात. त्या आकड्यात आपल्या पगारातून गेलेले पैसेही मिळवलेलेच असतात.

कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी येथे मराठी वस्ती दाट आहे, आणि नेमकी हीच दोन राज्ये एचएसएला करसवलत देत नाहीत. तेथे राज्याचा कर भरलेल्या रकमेवरही लागतो आणि खात्यातल्या व्याज-लाभांशावर दरवर्षी लागतो. केंद्राची बचत टिकून असल्याने खाते निरुपयोगी ठरत नाही, पण वरचा हिशेब करताना राज्याची बचत शून्य धरावी.

खर्च कुणाचा चालतो, हा आपल्याकडे हमखास येणारा प्रश्न. स्वतःचा, जोडीदाराचा आणि कराच्या हिशेबात अवलंबून असलेल्यांचा चालतो, मग ते आपल्या विम्यात असोत वा नसोत. भारतात राहणारे आई-वडील येथील कर कायद्याने अवलंबित ठरत नाहीत. आपण त्यांना दरमहा पैसे पाठवत असलो तरी नाशिकला झालेल्या बायपासचे बिल या खात्यातून करमुक्त देता येत नाही. तेच आई-वडील ग्रीनकार्डावर आपल्यापाशी राहत असतील आणि अवलंबित ठरत असतील, तर त्यांच्या श्रवणयंत्राचा खर्चसुद्धा बसतो. सव्वीस वर्षांपर्यंत मुले आपल्या विम्यात राहतात, परंतु अवलंबित नसलेल्या मुलाचा खर्च आपल्या एचएसएतून चालत नाही. त्याने स्वतःचे खाते उघडावे. पुण्यात सुटीवर गेल्यावर स्वतःचे रूट कॅनाल करून घेतले तर ते चालते. दंतवैद्याची छापील पावती, तारीख, उपचाराचे नाव आणि त्या दिवशीचा रुपयाचा दर एवढे जपून ठेवा. विमानाचे तिकीट त्यात धरू नका. भेटीगाठींसाठी केलेला प्रवास हा औषधोपचार होत नाही.

पावती जपण्यामागे दुसरेही कारण आहे. खर्च केव्हा परत घ्यावा याला मुदत नाही. ज्यांना झेपते ते बिले खिशातून देतात, एचएसएची रक्कम इंडेक्स फंडात वाढू देतात आणि जुन्या पावत्यांचे पैसे पुढे कधीतरी काढतात. पासष्टीच्या आत औषधोपचाराखेरीज इतर कामाला पैसे काढल्यास प्राप्तिकर आणि शिवाय काढलेल्या रकमेच्या २० टक्के दंड पडतो. पासष्टीनंतर दंड जातो, कर तेवढा राहतो. नोकरी गेली तर खाते आपल्याकडेच राहते आणि त्यातून कोब्राचा (नोकरी गेल्यावर जुना विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याच्या सोयीचा) हप्ता देता येतो, एरवी विम्याचे हप्ते यातून सहसा चालत नसले तरी. साठ दिवसांच्या मुदतीत नवी नोकरी शोधणाऱ्या एच-वन-बी कुटुंबाला हा आधार छोटा नाही.

कायमचे भारतात परतायचे असेल तर खाते ठेवता येते, मात्र पात्र विमा नसल्याने नवी रक्कम भरता येत नाही. काही संस्थांना परदेशी पत्ता चालत नाही, ते निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. भारतीय प्राप्तिकरात या खात्यासाठी वेगळी करसवलत नाही, आणि तेथे सामान्य निवासी ठरल्यावर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्ये ते दाखवावेच लागते. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५च्या कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. परतण्याचे वर्ष ठरले की दोन्ही देशांचा कर जाणणाऱ्या सीएकडे जावे.

साठीच्या पुढच्या श्रोत्यांसाठी दोनच गोष्टी. मेडिकेअर सुरू झाले की एचएसएत भरणे थांबते, आणि पासष्टीनंतर उशिरा अर्ज केल्यास पार्ट ए (मेडिकेअरचा हॉस्पिटलच्या खर्चाचा भाग) सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणून अर्जाच्या, किंवा सोशल सिक्युरिटी सुरू करण्याच्या, सहा महिने आधीच पगारातली कपात बंद करावी. वारस म्हणून जोडीदाराचे नाव असेल तर खाते एचएसए म्हणूनच त्याच्याकडे जाते. मुलाचे असेल तर सगळी रक्कम त्याच वर्षी त्याच्या करपात्र उत्पन्नात मिळवली जाते. जोडीदार हयात नसलेल्यांनी तेव्हा फार मोठी रक्कम मागे ठेवण्यापेक्षा जुन्या पावत्यांचे पैसे आपल्या हयातीतच काढून घ्यावेत.