गोरा दिसणारा काळा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

७ जून १८९२. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात होमर प्लेसी नावाचा तिशीच्या आसपासचा, जोडे बनवणारा कारागीर कव्हिंग्टनला जाणाऱ्या गाडीचं पहिल्या वर्गाचं तिकीट काढतो आणि गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसतो. त्याच्या आठ पणजी-पणजोबांपैकी सात गोरे. दिसायलाही गोराच. गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण कंडक्टरने विचारलं, "तू काळा आहेस का?" तो म्हणाला, "हो." मग दुसऱ्या डब्यात जा म्हटल्यावर मात्र जागचा हलला नाही. त्याला अटक झाली.

गंमत अशी, की हे सगळं आधीच ठरलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी लुईझियाना राज्याने वेगळ्या डब्यांचा कायदा केला होता आणि तो कोर्टात खेचण्यासाठी एक नागरिक समिती उभी राहिली होती. अटक करणारा खासगी गुप्तहेरही समितीनेच नेमलेला. रेल्वे कंपनीलाही कायदा नकोच होता, कारण जादा डबे ओढायचे म्हणजे जादा खर्च. त्या कायद्यात एक सवलत होती, ती ऐका: गोऱ्या बाळाला सांभाळणारी काळी दाई गोऱ्यांच्या डब्यात बसू शकत होती. बाळ मांडीवर असेपर्यंत तिच्या रंगाची अडचण नाही!

१८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी कायदा वैध ठरवला. विरोधात गेले ते एकटे न्यायमूर्ती हार्लन. संविधान रंग पाहत नाही, असं त्यांनी बजावलं. (त्याच निकालपत्रात चिनी लोकांना त्यांनी तुच्छ लेखलंय, तेही सांगायला हवं.) प्लेसीला पंचवीस डॉलर दंड झाला. माफी मिळाली २०२२ साली, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

मला या खटल्यातला सगळ्यात बोलका भाग वाटतो तो वेगळाच. काळा कोणाला म्हणायचं, हे न्यायालयाने ठरवलंच नाही; ज्या त्या राज्याने बघावं, म्हणून सोडून दिलं. कुठे डोळ्यांना जाणवेल एवढा अंश पुरे होता, कुठे कोणतं रक्त जास्त ते बघत, कुठे तीन चतुर्थांश गोरा असला की माणूस गोरा. म्हणजे राज्याची हद्द ओलांडली की वर्ण बदलायचा. पुढे १९२४ साली व्हर्जिनियाने थेंबभर काळं रक्तही चालणार नाही असा कायदा केला. १९३० च्या जनगणनेत तर प्रगणकांना लेखी सूचनाच होती, की अंश कितीही थोडा असो, नोंद 'निग्रो' अशीच करा.

हा हिशेब आला कुठून? गुलामगिरीतून. १६६२ साली व्हर्जिनियात ठरलं, की मूल आईच्या दर्जाचं. बाप मळ्याचा मालक असला तरी गुलाम बाईचं पोर गुलामच. पोटचं पोर मालकाच्या मालमत्तेत जमा!

पण ज्यांना असं एका खात्यात कोंबलं, त्यांनी त्या खात्याचीच एकजूट केली. वॉल्टर व्हाइट यांचे केस सोनेरी, डोळे निळे. ते नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एन-डबल-ए-सी-पी या संघटनेचे नेते. जमावाने काळ्यांना ठार मारलं, की हे गोरे बनून गावात जायचे आणि मारणाऱ्यांकडूनच हकिगत काढून घ्यायचे. १९१९ साली आर्कान्सात त्यांचं बिंग फुटलं. गाडीत चढून पळाले, तर कंडक्टर म्हणतो, "खरी मजा आता येणार होती, गोरा बनून फिरणारा एक काळा इथे आलाय, पोरं त्याला धरणार आहेत." हे त्यांनाच सांगत होता! याच संघटनेचे एक संस्थापक डु बॉइस. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. अस्पृश्यांसाठीही तसं पाऊल उचलायचा विचार होता.

आई गोरी असूनही बराक ओबामांनी २०१० च्या जनगणनेत फक्त 'काळा' या चौकटीत खूण केली. एकापेक्षा जास्त चौकटींची मुभा २००० पासून होती. २०२४ मध्ये ट्रम्प म्हणाले, की कमला हॅरिस अचानक काळ्या झाल्या. वडील जमैकाचे, शिक्षण काळ्यांसाठी स्थापन झालेल्या हॉवर्ड विद्यापीठात. अचानक कसलं? शतकानुशतकं थेंब मोजणाऱ्या देशात आता थेंब पुरेसा नाही, अशी तक्रार ऐकू येते, याचं मला हसू येतं.

आपली मंडळीही या लढ्याचं देणं लागतात. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत स्थायिक व्हायला वर्षाला शंभर जागा होत्या. १९६५ साली ती पद्धत मोडली, ती काळ्यांच्या चळवळीने देशाचं वारं फिरवल्यावर. त्यानंतर आपले इंजिनिअर, डॉक्टर तिकडे गेले. आता घर घ्यायच्या वेळी आपल्यातलेच काहीजण दलालाला हळूच विचारतात, जवळपास काळ्यांची वस्ती नाही ना? दलालाला उत्तर देता येत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये सही झालेला घरांविषयीचा कायदा आड येतो. रंग किंवा मूळ देश बघून, विचारणाऱ्यालाही घर नाकारता येत नाही, ते याच कायद्यामुळे.