एका ‘गेट’मधले दोन उच्चार

(दृश्य: बेळगाव बसस्थानक, सकाळ. खानापूरच्या गाडीत चढणारी शाळेची मुलं.)

‘बेळगाव’ म्हणा. सावकाश. ‘ळ’पाशी जरा थांबा. जिभेचं टोक मागे वळून टाळूकडे गेलं ना? हा ‘ळ’ मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे. त्यामुळे कुणी बेळगाव म्हणो की बेळगावी, जीभ त्याच जागी जाते. इंग्रजीत मात्र हा ध्वनीच नाही. इंग्रजांनी जवळचा ‘ल’ घेतला आणि कागदोपत्री ‘बेलगाम’ झालं.

आमच्या सीमाभागातलं मराठी मूल घरात मराठी बोलतं, बाजारात कन्नड ऐकतं आणि शाळेत इंग्रजी शिकतं. मीही तशीच शिकले, स्पेलिंग घोकून. शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक देवनागरी लिहायचं आणि तेच वाचायचं. तोंडात जीभ कुठे न्यायची, हे कुणी सांगितलं नाही. त्याची खंत मला अजून आहे, कारण सांगायला लागणारं सगळं पहिलीच्या वर्गात भिंतीवर टांगलेलं होतं.

(दृश्य: वर्णमालेचा तक्ता, शेजारी कन्नडचा.)

क, ख, ग घशाजवळ. च, छ टाळूला. ट, ठ त्याच्या पुढे, जीभ उलटी वळवून. त, थ दातांशी. प, फ ओठांवर. घशातून निघून ओठांपर्यंत, जागेच्या क्रमानं. कन्नडचा तक्ताही याच क्रमानं लावलेला आहे. इंग्रजीची एबीसीडी अशी लावलेली नाही. तिथे अक्षरं 26, पण ब्रिटिश प्रमाण उच्चारात ध्वनी साधारण 44 धरतात: 24 व्यंजनं आणि 20 स्वर. व्यंजन ओळखायचं तर तीन गोष्टी बघायच्या. हवा कुठे अडली, कशी अडली, आणि गळ्यात कंप आहे का.

कंप आधी बघू. गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि ‘स्स्स’ म्हणा. बोटांना काही लागत नाही. आता जीभ न हलवता मधमाशीसारखा आवाज काढा. गळा थरथरला. हा ‘झिप’मधला पहिला ध्वनी. ‘स्स्स’ अघोष, हा घोष. आपण या ‘झिप’ला ‘जाळ’मधल्या ‘ज’कडे ओढतो. पण ‘जाळ’ म्हणताना जीभ आधी टेकते, ‘झिप’ म्हणताना टेकतच नाही.

‘थिंक’चं दुखणं असंच आहे. आपला ‘थ’ लांबवून बघा. जमत नाही, कारण जीभ दातांना चिकटून हवा पूर्ण अडवते आणि मग सोडते. हा स्पर्श. इंग्रजीत जिभेचं टोक दातांशी हलकेच असतं, फटीतून हवा घासत जाते, आणि तो आवाज श्वास संपेपर्यंत लांबवता येतो. हा घर्षक. देवनागरीत दोन्हींना एकच ‘थ’ लिहिला की मुलाच्या हाती चुकीची जागा पडते.

(दृश्य: खिडकीपाशी आरसा धरलेली मुलगी.)

ती ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ म्हणते आहे. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठावर आले. दुसऱ्यात दात दिसतच नाहीत, ओठ गोल झाले. आता आरसा ठेवून ती वहीच्या कागदाची पट्टी तोंडासमोर धरते. इंग्रजी ढंगानं ‘पिन’ म्हणायचं तर पट्टी फडफडली पाहिजे. ‘स्पिन’मध्ये मात्र ती जागची हलता कामा नये. तिचा पहिला ‘पिन’ साधा आपल्या ‘प’चा होतो आणि पट्टी तशीच राहते. असा ‘पिन’ इंग्रजी कानाला कधी ‘बिन’ वाटतो.

स्वरांना अडथळाच नसतो. जीभ किती वर आहे, तिचा पुढचा भाग उचललाय की मागचा, ओठ गोल आहेत का, एवढंच बघायचं. डॉक्टर ‘आ कर’ म्हणतात ते यासाठीच: ‘आ’ला जीभ तळाशी बसते आणि घसा दिसतो.

आणि इथे बेळगावच्या मुलाकडे पुण्याच्या मुलापेक्षा एक गोष्ट जास्त आहे. ‘मिळवणे’ या अर्थाचा इंग्रजी शब्द मराठीत लिहा: गेट. आता फाटक या अर्थाचा लिहा: पुन्हा गेट. मराठीत ‘ए’ एकच. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ वेगळा आणि दीर्घ ‘ए’ वेगळा, दोघांना स्वतंत्र अक्षरं. फाटकाच्या इंग्रजी उच्चारात दीर्घ ‘ए’हूनही थोडं जास्त घडतं, पण कन्नड वाचणाऱ्याला दोन शब्द वेगळे आहेत हे तरी पहिल्याच दिवशी दिसतं.

मुलगी पट्टी बाजूला ठेवते आणि मराठीच्या वहीत, कन्नड अक्षरांत, दोन इंग्रजी शब्द लिहिते. पहिल्यातला ‘ए’ म्हणताना तिची जीभ जागची हलत नाही. दुसऱ्याला ती ‘ए’वरून ‘इ’कडे वर सरकते.