बावखल कागदावर कुठे आहे?

मंडळी, नमस्कार. मघाशी प्रास्ताविकात माझी ओळख 'पर्यावरणतज्ज्ञ' अशी करून दिली. तसं काही नाही. नोकरीची सगळी वर्षं मी विहिरींत टेप सोडून पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहीत फिरलो. तेव्हा बावखलांबद्दलचं, म्हणजे वाड्यांतल्या तळ्यांबद्दलचं आजचं बोलणंही मोजमापाचंच होणार. घोषणा मला जमत नाहीत, आणि वसईला त्या शिकवायची गरजही नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इथलं टँकरविरोधी आंदोलन उभं राहिलं ते तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलंय. रेल्वेच्या दोन्ही अंगांना इमारती चढत होत्या आणि त्यांचं पाणी वाड्यांतल्या विहिरींतून उपसून जात होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली. आंदोलनाच्या विरोधकांचा युक्तिवाद मला आठवतो : विहीर माझी, पाणी माझं, मी विकीन नाहीतर ठेवीन, तुम्ही कोण?

याचं उत्तर जमिनीखाली आहे. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून किनाऱ्यालगत ते खाऱ्यावर तरंगत असतं. गायबेन आणि हर्झबर्ग या दोघा अभ्यासकांनी शंभर वर्षांपूर्वीच याचा हिशेब मांडला. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी टिकतं. आता उलट धरा. उपसून उपसून वरची पातळी एक फूट उतरली, तर खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकतं. विहीर सातबाऱ्यावर एकट्याची असेल. तो एक फूट मात्र सगळ्या आळीचा असतो.

तो एक फूट राखतं कोण? बावखल. भुईगावपासून आगाशीपर्यंतच्या पट्ट्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, पण पूर्वेकडच्या इमारतींत राहणारी तरुण मंडळी इथे दिसतायत, म्हणून सांगतो. वाडीतलं उथळ, खणलेलं तळं म्हणजे बावखल. पावसाळ्यात ते भरायचं, रहाटाने त्यातलं पाणी केळीला, पानवेलीला द्यायचं, आणि उरलेलं सावकाश जमिनीत मुरायचं. दहा गुंठ्यांचं बावखल आणि सरासरी पाच फूट पाणी धरलं, तर पंधरा लाख लिटर होतात. दहा हजार लिटरचे दीडशे टँकर! आणि हे एका भरण्यात. ते मुरतं आणि पुढच्या सरीला परत भरतं.

आता कायद्याकडे येतो, कारण माझ्या मते आपण हरतो ते तिथे. खाडीकाठच्या तिवरांना, म्हणजे कांदळवनाला, कोर्टाचं छत्र मिळालं. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली राज्यभरातल्या तिवरांची तोड मना केली आणि भोवतीचे पन्नास मीटर राखायला सांगितले. आपल्याला वाटलं, तिवर वाचलं तशी पाणथळही वाचेल. पण केंद्राचे पाणथळ जागांचे 2017 चे नियम उघडून त्यातली व्याख्या वाचा. भातशेती वगळली आहे. मीठ पिकवायला केलेल्या जागा वगळल्या आहेत. सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा मासे पाळायला माणसाने बांधलेली तळी वगळली आहेत. म्हणजे खाचर गेलं, मिठागर गेलं, बावखलही गेलं. वसईतून हे तीन काढले तर पाणथळ म्हणून शिल्लक काय राहतं, ते तुम्हीच मला दाखवा. लिहिणाऱ्याने वसई डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं असेल असं मी म्हणत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे वसई नव्हतीच, दुखणं ते आहे.

नकाशाचीही तीच गत. इस्रोने उपग्रहावरून देशातल्या पाणथळ जागा मोजल्या. सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 निघाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली संरक्षण दिलं ते त्यांना. सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. आपली बावखलं गुंठ्यांतली. उपग्रहाच्या हिशेबात ती ठिपके ठरतात, आणि ठिपक्यावर भराव टाकला म्हणून कुणाला नोटीस गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

दुसरा गैरसमज सुनावणीचा. गावात गृहप्रकल्पाची कुणकुण लागली की आपण म्हणतो, 'जनसुनावणी होईल तेव्हा बघून घेऊ.' ती होणार नाही. पर्यावरण आघात मूल्यांकनाची 2006 ची अधिसूचना आहे. वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला तीत पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारती आणि नगर वसाहती, म्हणजे टाऊनशिप, यांना जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. कारखाना येणार असेल तर मांडव घालून तुमचं म्हणणं ऐकतील. दहा हजार घरं येणार असतील तर ऐकायची सक्ती नाही. मी असे लोक पाहिलेत जे वर्षभर सुनावणीची वाट बघत बसले आणि एका सकाळी भरावाचे डंपर आले.

उघडं दार आहे ते त्याच्या आधी, आराखड्याच्या टप्प्यावर. प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, 1966. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की कलम 26 खाली हरकती मागवाव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे हरकतदाराला ऐकून घ्यावं लागतं. नंतर मंजूर आराखड्यात हरित पट्ट्याचा रहिवासी पट्टा करायचा असेल, तर कलम 37 खाली फेरबदलाची नोटीस निघते आणि तिला एक महिना मिळतो. एक महिना! ही नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात बारीक टाइपात येते, निविदा आणि हरवले-सापडलेच्या शेजारी. प्रत्येक गावात एका माणसाने ती पानं रोज वाचायची, एवढं जरी आज ठरलं तरी माझी खेप फुकट गेली नाही असं मी समजेन.

आणि हरकतीत काय लिहायचं? 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली, चार नगरपरिषदांबरोबर 53 गावं तिच्यात घातली गेली, तेव्हा 'गावं वगळा' म्हणून केवढं रान पेटलं. त्या काळातले अर्ज मी वाचलेत. 'आमची संस्कृती नष्ट होईल', 'निसर्गरम्य वसई भकास होईल'. खरं आहे, पण अधिकारी त्यावर 'नोंद घेतली' असा शेरा मारून मोकळा होतो. त्याला उत्तर द्यावं लागतं ते आकड्याला. एकात्मिक नगर वसाहतीला किमान चाळीस हेक्टर सलग जमीन लागते. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि वसईला त्याचं नवल नाही, तर तेवढ्या जमिनीवर चार कोटी लिटर पाणी पडतं. आज त्यातलं बरंचसं खाचरात बांधाला बांध अडून थांबतं. भराव घालून जमीन चार-पाच फूट उचलली की ते कुठल्या सर्व्हे नंबरात जाणार, हा प्रश्न नंबरासकट लिहा. जुलै 2018 मध्ये मिठागरातल्या वस्तीला पाण्याने वेढलं होतं आणि गाड्या बंद पडल्या होत्या. ते पाणी कुठून कुठे आलं हे तुम्हाला तोंडपाठ आहे. अर्जात मात्र ते एका ओळीनेही येत नाही.

आता जरा कडू बोलतो. बावखलं बिल्डरने एकट्याने बुजवली नाहीत. रहाट गेला, पंप आला, नळाचं पाणी आलं, मग बावखलात डास झाले म्हणून आपणच कचरा लोटला, आणि भाऊहिश्शात घर बांधायला तीच जागा सोयीची पडली. जो जमीन विकतो त्याला गद्दार म्हणणं मला पटत नाही. पोरं शेती करत नाहीत, मजूर मिळत नाही, आणि दारात पैसे घेऊन माणूस उभा आहे. त्याच्याशी आपण भांडतो, पण त्याची वाडी कसायला कोणी तयार आहे का, हे विचारत नाही. या प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीत नाही.

मात्र एक गोष्ट वहीत आहे. तुमच्या सातबाऱ्यावर 'पोटखराबा' असा रकाना असतो. लागवडीला निकामी ती जमीन वर्ग अ. वर्ग ब मध्ये काय येतं ते कुणी वाचत नाही. रस्ता, पायवाट, स्मशान यांच्याबरोबर तिथे आहे असा तलाव किंवा ओढा, ज्याचं पाणी जमिनीच्या धारकाशिवाय इतर लोकही ओलिताला, प्यायला किंवा घरकामाला वापरतात. आळीची चार घरं ज्यावर वाडी शिंपत होती ते बावखल या वर्णनात बसतं की नाही? पाणथळीच्या नियमांनी त्याला दाराबाहेर ठेवलं, पण महसुलाच्या जुन्या नियमांत त्याला जागा आहे. तुमचे उतारे काढा. कुठे वर्ग ब लिहिलेलं सापडेल, कुठे अ, कुठे काहीच नाही. ब असेल तिथली हरकत आपोआप वजनदार होते. नसेल तिथे तहसीलदाराकडे नोंदीसाठी अर्ज करता येतो. सगळे मंजूर होतील असं मी सांगत नाही. आणि ग्रामपंचायतीच्या किंवा सरकारी जागेतलं तळं असेल, तर अर्जाला सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा जगपाल सिंग निकाल जोडा. गावतळं बुजवून घरं बांधलेल्यांना हटवायचा आदेश त्यात कायम झाला, आणि पैसे भरून ते नियमित करून घेण्याची वाटही न्यायालयाने बंद केली.

पुढच्या रांगेतल्या मावशींनी मघाशी विचारलं, 'आमचं बावखल बुजलं, वर चाळ झाली, ते लिहायचं का?' लिहायचं, मावशी. कुणाला उठवायला नव्हे. पाणी पूर्वी कुठे थांबत होतं हे कळल्याशिवाय आता ते कुठे जाणार हे सांगता येणार नाही.

तिकडे टेबलावर गावाचा मोठा नकाशा पसरून ठेवलाय. चहा घेतल्यावर प्रत्येकाने आपल्या आळीची बावखलं त्यावर दाखवायची, नावासकट, बुजलेलीसुद्धा. पेन्सिलने लिहा, पेनने नको. शेजाऱ्याची हद्द चुकली तर आजच भांडण नको, खोडता आलं पाहिजे.